नळीतल्या अग्नीचा यजमान

३ फेब्रुवारी
काशीत सुखरूप पोचलो. दुर्गाघाटच्या गल्लीत मोटार शिरत नाही. बॅग डोक्यावर, पुढे गाय, म्हणून तिच्या सवडीने. भाची मृणालिनीने तळमजल्यावर प्रयोगशाळा थाटली आहे. शेणाच्या गॅसमधला मिथेन आणि वाफ काचेच्या नळीत सोडायची, विजेच्या दाबाने त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे विजेने पेटून चमकणारा वायू, करायचा, आत तांब्याचे दाणे. पलीकडे मिथेनॉल ठिबकतं. दाणे म्हणजे उत्प्रेरक. स्वतः कोरडा राहून दुसऱ्यांची लग्नं जमवणारा; आमच्या वाईत असे पुष्कळ. वर्तमानपत्राला महिनाभर हेच लिहून पाठवायचं आहे.

४ फेब्रुवारी
आज नळी प्रथमच पेटली. जांभळी, न हलणारी. पाठशाळेत वाढलेला मी, राहवलं नाही. अग्न्याधानाचे, म्हणजे अग्नी स्थापण्याचे, मंत्र म्हणून गॅसचा कॉक स्वतः उघडला आणि ‘स्वाहा’ म्हणालो. मृणालिनी खूप हसली. "मामा, यजमान तुम्ही. सकाळ-संध्याकाळ आहुती तुमची, मला छुट्टी."
मी बजावलं की अग्निहोत्र्याला मरेपर्यंत सुट्टी नसते. शेवटी त्याला जाळतातही त्याच अग्नीने. मग मीही हसलो.

९ फेब्रुवारी
संध्याकाळी वीज गेली. पंखा थांबला, नळी थांबली नाही. मृणालिनी म्हणते, यंत्रात साठलेली वीज असेल. दोन तास?

१२ फेब्रुवारी
कॉक बंद, टाकी रिकामी, तरी मिथेनॉल ठिबकतंय. सूर्य मावळताना माझा श्वास नळीकडे ओढला जातो. वजन चार किलो उतरलं. बनारसी कचोड्या खाऊन.

१५ फेब्रुवारी
पळून स्टेशनवर गेलो. बाकावर बसलो असताना सूर्य मावळला, आहुती चुकली. श्वास बाहेर गेला तो आत येईना. रिक्षाने गल्लीच्या तोंडाशी आणलं, तेव्हा आला.

१७ फेब्रुवारी
मृणालिनीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, परवापासून सकाळची आहुती तीच देते आहे, माझी झोप मोडू नये म्हणून. कॉक उघडून, ‘स्वाहा’ म्हणत.
तिची अंगठी बारीक झालेल्या बोटातून गळून पडली.

१८ फेब्रुवारी, दुपार
शास्त्रात एक वाट आहे. प्रवासाला निघालेला यजमान हात तापवून, श्वासाबरोबर अग्नी स्वतःत घेतो. घेतला. नळी काळी पडली. मृणालिनीने पोटभर श्वास घेतला, आणि रडली. पोर सुटली—

संध्याकाळ
छातीत जांभळं काही. आता नळी मीच. मग आहुती—
सूर्य टेकला. मृणालिनी चहा घेऊन जिना चढते आहे. तिला धाप लागली. तिचा श्वास इकडे, माझ्याकडे— दाराला कडी— वर येऊ नको म्हणून ओरडायला तोंड उघडलं, आणि तिचा श्वास आत—