छप्पर नसलेली जागा

कोळंबपाडा, ता. कल्याण
३ मार्च २०२५

चि. साकेत यास अण्णाकाकाचे आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. नदीकडच्या फार्महाऊसवाल्या शेठला हेलिपॅड हवंय. पंचायतीत नकाशा आलेला, खाली तुझी सही. सरपंच देवेश म्हणाला, आधी वाचून घेऊ. मी म्हटलं, आमच्या पोराने काढलाय, त्यात वाचायचं काय? ना-हरकतीवर पहिली सही मी ठोकली, मागून सगळ्यांनी.

काकूचं डायलिसिस चालू आहे. विचारते, हेलिकॉप्टर असलं तर तरी साकेत भेटायला येईल का?

माया पातळ होऊ देऊ नको.
अण्णा


वर्तकनगर, ठाणे
९ मार्च

ती. अण्णा, सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. मी साइटवर गेलेलोच नाही. ऑफिसने सॅटेलाइटचा फोटो दिला, त्यावरून नकाशा काढला. आजूबाजूचं फक्त बांधकाम दाखवायचं असतं. हेलिपॅडला लागूनच आपलं स्मशान, पण तिथे बांधकामच नाही, फोटोत नुसतं मोकळं रान दिसलं. सरकारी शेड आलेली, ती तुम्हीच परत पाठवलेली ना, मेलेल्याला आभाळ दिसलं पाहिजे म्हणून.

मंजुरी आली की तिथे धूर करायला बंदी. म्हणजे चिता नाही. एकवीस तारखेच्या आत सही मागे घ्या, हरकत द्या. चूक माझी, असं मी लेखी देतो. नोकरी गेली तर जाऊ दे.

काकूला सांगू नका. रागवा, पण तोडू नका.
साकेत


कोळंबपाडा
३० जून

चि. साकेत, आशीर्वाद.

काकूच्या दहाव्याला तू मान खाली घालून बसलेलास, तेव्हा राहून गेलं. आता लिहितो.

तुझं ते पत्र काकूनेच मला वाचून दाखवलेलं, माझा चष्मा फुटलेला. तिला सांगू नका, हेही मोठ्याने वाचलंन. हसली. म्हणाली, मग मला घाई करायला हवी.

हरकत मी वेळेत दिली. तुझंही पत्र जोडलं. साहेबांनी स्मशानाचा पुरावा मागितला. सातबाऱ्यावर नोंद नाही, शेडचा कागद नाही. वर माझीच पहिली सही. माझ्या आईबापाला तिथे जाळलंय, हा पुरावा चालत नाही म्हणाले.

तिने घाई केली, पण मंजुरी आठ दिवस आधी आली. शहाडच्या स्मशानात न्यावं लागलं, तू खांदा दिलास. मी सारखा वर बघत होतो. वर पत्रा होता.

तुला तोडलेलं नाही. येत जा, घरात आता कोणी वाचून दाखवणारं नाही.

हेलिकॉप्टर अजून एकदाही उतरलेलं नाही.
अण्णा