भिंगरीचं नाक

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. दाजींना नमस्कार, पिल्लाला पापा.

फोनवर बोलायला लागलो की आवाज फुटतो, म्हणून कागद घेतलाय. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

ताई, माझं नाक गेलंय. कापलं-बिपलं नाही, जागेवरच आहे, पण वास येत नाही. मागच्या महिन्यात ताप आला होता ना, तो उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. सकाळी कॉफी करपली ती मला धूर डोळ्यांत गेल्यावर कळली. साबण हुंगतो, मोजे हुंगतो, काही नाही. नुसती भिंत.

तू म्हणशील, बरंच झालं, घाण वास तरी चुकले. पण माझं पोटच आता नाकावर आहे. बाबा दारूच्या नावानेच पेटतात म्हणून तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. आमच्या हॉटेलात फक्त इटलीच्या वाईन असतात आणि मी तिथे ग्लास पुसतो. वाईन निवडणारा म्हातारा आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याने एकदा गंमत म्हणून ग्लास पुढे केला आणि कसला वास येतो ते विचारलं. मी म्हणालो, नव्या चपलेचा. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी त्याने परत बोलावलं, मग रोजच. बरोलो म्हणून एक असते. रंगाने फिकी, वाटतं पाणी घातलंय. तोंडात घेतली की कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ आवळते, आणि वास येतो गुलाबाचा अन् तापलेल्या डांबराचा, दोन्ही एकदम! मी त्या दिवशी घरी चालत आलो, बस दिसलीच नाही.

आता अडचण ऐक. ग्लास धुवायला-पुसायला मशीन येतंय, माझी जागा जाणार. वाढप्याची एक जागा आहे. वाढप्याने बाटली उघडली की आधी स्वतः हुंगायची. बूच खराब असलं तर वाईनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तशी बाटली टेबलावर जाता कामा नये. मार्चअखेर मालकीण परीक्षा घेणार. पास झालो तर वाढपी, नाही तर गाशा गुंडाळा.

गॅरेज सोडलं, छापखाना सोडला, तुझ्या ओळखीचं शिवणकाम तर जेवणाच्या सुट्टीतच सोडलं, म्हणून तर तुम्ही मला भिंगरी म्हणता. तेव्हा कशाचं काही वाटलं नाही. पण हे काम सुटलं तर मी काय करू, मला खरंच कळत नाही.

लोभ आहेच. या खेपेला जरा जास्तच लागेल.
तुझा,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिलाई मशीनवर बसूनच वाचलं आणि सुई बोटात घुसवून घेतली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मेहुण्याचं नाक पहिल्यापासून वरच असायचं, घसरून पडलं असेल. मी बोलले मग त्यांना चार शब्द. रात्री स्वतःच विचारत होते, पोराला खरंच काही वास येत नाही का गं.

दारूचा वास घ्यायचा पगार मिळतो हे मला अजून पटत नाही. पण तू एखाद्या कामाबद्दल पानभर लिहिलंस, हेच मला नवल. आजवर तुझी नोकरी म्हणजे पाव्हणा, चहा घेतला की निघाला. म्हणून सांगते, हातपाय गाळू नकोस. सर्दी आत बसली असेल. सोबत निलगिरीचं तेल आणि बाम पाठवलाय. दोन वेळा वाफारा घे, छातीला, गळ्याला, नाकाला बाम चोळ, कामावर जातानाही चोळ. लाजू नकोस. आणि मालकिणीला इतक्यात काही बोलू नकोस. आपण होऊन कशाला सांगायचं? बरं झालं की आपोआपच मिटलं.

बाबांना मी काही बोलले नाही. पळून मात्र येऊ नकोस हं.

पोटभर जेव. चव लागत नसली तरी जेव.
तुझी काळजीवाहू,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं संपलं. कसं ते सांगतो, पण तू आधी बस.

काल चाखायची बैठक होती. पाहुणे लांब टेबलाला बसतात, प्रत्येकापुढे ग्लासांची रांग, आणि मास्तर एकेक वाईन समजावून सांगतो. चाखायची, चूळ भरल्यासारखी फिरवायची आणि थुंकायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं, एवढी महागाची वस्तू! त्या खोलीत फुलं ठेवत नाहीत. अत्तर लावून आलेल्याला मालकीण गोड बोलून बागेतल्या टेबलावर बसवते. आम्हाला साबणसुद्धा बिनवासाचा.

आणि मी तुझा बाम चोळून गेलो. छातीला, गळ्याला, नाकाला, वरून रुमालावर तेल. ताई, मला वास येत नव्हता गं! डबी नाकाला लावली तरी पाण्याची वाटी हुंगल्यासारखं. मला वाटलं बाम जुना आहे, म्हणून दुप्पट घेतला.

पहिली प्रोसेको, फेसाची. परीक्षेचा सराव म्हणून ओतायला मलाच उभं केलं होतं. मी ओतत गेलो आणि मागे एकेक पाहुणा ग्लास खाली ठेवत गेला. मग कियांती, लाल. एक बाई म्हणाल्या की हिला औषधाचा वास येतो. मास्तरने दुसरी बाटली उघडायला लावली. तिलाही तोच. शेवटी बरोलो आली, मालकिणीने वर्षानुवर्षं जपलेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हुंगली आणि म्हणाले, माझी बायको आजारी होती त्या खोलीचा वास आहे हा. ते उठून खिडकीपाशी गेले.

मास्तर माझ्या कानाशी काही सांगायला वाकला आणि तिथेच थांबला. दंडाला धरून मला आत नेलं. बसच्या गर्दीत पोराचं बोट सुटल्यावर बापाचा होतो, तसा चेहरा होता त्याचा. वास किती दिवस येत नाही, एवढंच विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

मालकीण ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की ठरल्या दिवशी परीक्षा दे, पण ज्याला वास येत नाही त्याच्या हातात बाटली देता येणार नाही, हे तुलाही कळतं. कळतं. तेच तर.

डॉक्टर म्हणतो तापाने आतली नस दुखावलीय. लिंबू, लवंग, कॉफी, गुलाबपाणी रोज हुंगत राहायचं. येईल, किंवा नाहीही येणार. बैठकीला मी शिल्लक वाईनचा घोट घ्यायचो, काल घेतला तर नुसतं आंबट, तुरट, ओलं. रंगीत पाणी. मला घसा फाडून ओरडावंसं वाटलं. परीक्षेपर्यंत थांबून काय करू? सगळ्यांसमोर आंधळ्यासारखा ग्लास हुंगू? बॅग भरून ठेवलीय. इथून सुटावं असं सारखं वाटतं, आणि सुटून जावंसं वाटेल असं दुसरं ठिकाणही नाही.

बामाबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. लोभातूनच झालं.
तुझाच,
भिंगरी

१८ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि कान धरून माफी.

माझ्या मेलीच्या हाताने तुझं वाटोळं झालं. आधी रडले, मग त्या बैठकीचं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि हसले, मग हसले म्हणून परत रडले. न सांगण्याची अक्कलही मीच शिकवली तुला.

बाबांना सगळं सांगून टाकलं. दारूचं ऐकून भडकतील म्हणून पिल्लाला मुद्दाम त्यांच्या मांडीवर बसवलं होतं. त्यांनी पिल्लाला खाली ठेवलं. मग म्हणाले की आजवर प्रत्येक ठिकाणाहून हा आपल्या पायांनी पळाला, त्याला म्हणावं एकदा तरी त्यांना हाकलू दे, हाकलेपर्यंत उभा राहा. एवढं बोलले आणि नळ गळतो म्हणून बघायला गेले. नळ गळत नव्हता.

ये, नको येऊ, तू ठरव. आलास तर दार उघडंच आहे. पण भिंगरी, एवढ्यात निघू नकोस रे.

तुझी,
बामवाली ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बाबांच्या पायावर माझं डोकं ठेव.

परीक्षेला बसलो आणि नापास झालो. आधी तेवढं सांगून टाकतो.

तीन ग्लास होते, एकातली वाईन बूच लागून बिघडलेली, ती ओळखायची. सकाळी घरी लवंग हुंगली होती, काही नाही, लिंबू, काही नाही. मालकीण समोर, मास्तर तिच्या बाजूला. पहिला ग्लास उचलला आणि मळमळलं. सडका कांदा, गटार, काय म्हणू! दुसराही तसाच. तिसराही. मी म्हणालो की तिन्ही नासल्यात. मास्तरने डोळे मिटून घेतले. मालकीण म्हणाली की बिघडलेली फक्त तिसरी, पहिली आमची सगळ्यात चांगली बरोलो.

मी हसायला लागलो, ताई. मी म्हणालो, बाई, घाण येतेय, पण येतेय! महिनोन् महिने मेलेल्या नाकात काहीतरी हललं. मी ते ग्लास उचलू देईना. ओकारी येत होती तरी परत परत हुंगत होतो. वाढपी पोरं बघत होती, म्हणत असतील डोकं गेलं ह्याचं.

डॉक्टर म्हणतो नस परत जुळायला लागली की कधीकधी आधी असे उलटेसुलटे वास येतात. पुढे सरळ होतील किंवा असेच राहतील, हमी कोणी देत नाही. वाढप्याची जागा दुसऱ्याला मिळाली, मिळायलाच हवी होती. तळघरात खोकी उचलायला माणूस हवाय, उन्हाळ्यापुरता. मालकिणीने विचारलं ते मी निघूनच जाईन अशा सुरात. मी हो म्हणालो.

तळघर थंड आहे, पाठ दुखते, पगार कमी. जेवण तर शिक्षाच, पावालाही जळक्या केसांचा वास येतो. हा असाच राहिला तर काय, हा विचार आला की खोक्यावर बसून घेतो, मग उठतो. मास्तर संध्याकाळी एका ग्लासात घोटभर ठेवून जातो. काल कियांतीला मेलेल्या उंदराचा वास आला. आज बरोलोला सडक्या कांद्याचा. ताई, दोन बाटल्यांचे दोन वेगळे वास आले गं.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
भिंगरी