शीतलचं बाळंतपण कुठं करायचं

ता. २ फेब्रु., रविवार

सगळ्यात आधी आली शेजारची कमल. शीतलची गाडी दारात लागत नाई तं ही पदराले हात पुसत हजर. म्हणे, पोरीले पाणी पाह्यजे का. पाणी माह्या घरी नाई का? पोट पाहाले आली होती. पाहून म्हणते, पुढं टोकदार हाय, पोरगाच. मांगच्या साली तिच्या सुनेलेबी हेच म्हणली होती, झाली पोट्टी. मंग कमलची जाऊ आली, तिच्या मांगं अजून दोघी. डोणगावात बातमीले पाय लागत नाई. कप कमी पडले तं कमलच्याच घरून आणले, आता वर्षभर ऐकवीन.

शीतलले सातवा लागला. पाय सुजले, पण तोंडावर तेज हाय. मी आजी होऊन राह्यली बाप्पा. घडीघडी तिच्या पोटाले हात लावू लागली तं म्हणते, आई, त्याले झोपू दे न.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याइकडं कोणाले सांगा लागत नाई. पण जावई नितीनराव औरंगाबादच्या कंपनीत हायेत (नाव बदललं शहराचं, माह्या तोंडात तेच बसलं), ते म्हणे, आधी मेहकरचा दवाखाना पाहू, मंग ठरवू. तिकडं त्याइनं एक मोठा दवाखाना पाहून ठेवला, लिफ्टचा.

गेलो तिघं मेहकरले. जावयानं मोबाईलात सवाल लिहून आणले होते, पोट्टे परीक्षेले बसते तसे. भूल कोण देते, बाळाले काचेची पेटी हाय का, रक्त लागलं तं कुठून येईन. डॉक्टर बाई चांगली. खरं बोलली, रक्त बुलढाण्याहून मागवा लागते, दोन तास धरून चाला. मंग मलेच इचारलं, "आजी, तुमच्या वेळी काही त्रास? रक्त जास्त गेलं होतं का?"

म्या म्हणलं, "नाई बाई. घरीच झालं, सोपं."

चार वाजता गेले दोघं.

ता. ३, सोमवार

कालचं भरीत दोन टाइम खाल्लं. एकटीपुरतं रांधता येतच नाई मले, हात आपोआप जास्त घेते.

बाज काढली माळ्यावरून. सुंभ सडला, विणून घ्या लागीन. बाळंतिणीच्या शेकाले बाजच पाह्यजे, पलंगाखाली शेगडी कशी ठेवाव. डॉक्टर बाई शेक नको म्हणे. आपण दवाखान्यात थोडाच शेकतो.

दिवसभर कोणी आलं नाई. कमल तिच्या नातीले घेऊन लसीले गेली.

ता. ५, बुधवार

लिहू का नको. चौथी शिकलेल्या बाईच्या हातानं लिहावं असं नाई हे. पण बोलाव कोणापाशी.

सोपं नव्हतं झालं. शीतल झाली, रडली, साऱ्याइनं गूळ वाटला, अन् माही वार, बाळामागं पडते ते, पडेना. रक्त थांबेना. सुईण पोट चोळत राह्यली. शीतलच्या बाबानं ट्रॅक्टरमंधी गादी टाकून मेहकरले नेलं, तिथून अकोल्याले. गर्भाची पिशवीच काढली तवा जीव वाचला. म्हणून शीतलच्या पाठीवर कोणी नाई.

तिले सांगतलं होतं पिशवीले गाठ होती म्हणून. तुह्या जन्मानं गेली, असं लेकराले कोण सांगीन. तिच्या बाबानं शपथ घातली होती मले, आता तेबी नाई राह्यले.

डॉक्टर बाईनं इचारलं तवा शीतल शेजारीच बसून होती, पोटावर हात ठेवून. पोटुशीसमोर असलं काही काढाचं नसते. अन् समोर जावई.

हे झालं एक. दुसरं बी लिहितो. रक्ताचे दोन तास ऐकून जावयाचं तोंड उतरलं होतं. म्या हो म्हणली असती तं औरंगाबाद पक्कं होतं.

ता. ९, रविवार

शीतलचा फोन. म्हणे, आई, मेहकरच ठरलं, तुह्याजवळच येतो. नितीनराव तयार नव्हते, आठ दिवस भांडली म्हणे त्याइच्यासंगं.

मी हासली, रडली, दोन्ही. म्हणलं कशी काय मानले ते?

"म्या त्याइले म्हणलं, आईले त्या जमान्यात घरी काही झालं नाई, तं मले काऊन होईन? आईचंच अंग हाय माहं."

ती म्हणे, आवाज येऊन नाई राह्यला आई, रेंज गेली का. हो म्हणलं.

कमलले जाऊन सांगून आली, पोरगी येऊन राह्यली म्हणून. तिनं तोंडात साखर टाकली. घरी येऊन चूळ भरली.

ता. १०, सोमवार

बाज विणणारा आला. उन्हात बसून विणत होता, म्हणे आजी, नातू येऊन राह्यला वाटते. दीड महिना राहीन न पोरगी? म्हणलं सव्वा तरी. घर भरल्यासारखं वाटलं तेवढं बोलून.

तो गेल्यावर बाजेवर बसून पाह्यलं. घट्ट झाली.

डिंक, अळीव मेहकरहून आणाचे होते. नाई गेली.

ता. १३, गुरुवार

केला फोन. शीतल न्हाले गेली होती, जावयानं उचलला. ठेवणार होती मी. पण ठेवला असता तं पुन्हा लावलाच नसता.

जावयासंगं मी आजपर्यंत जेवले का, कधी निघता, एवढंच बोलली. त्याइच्यासमोर पिशवी हा शब्द कसा काढाव. फोनवर होती तरी पदर डोक्यावर घेतला. भिताडाकडं तोंड करून सांगतलं सारं, ट्रॅक्टरपासून अकोल्यापर्यंत. म्हणलं, डॉक्टर बाईपाशी खोटं बोलली मी.

त्याइनं सारं आयकून घेतलं. मंग म्हणे, "आई, दवाखान्याचा कागद हाय का तवाचा?"

म्हणलं पाहातो.

पेटी उलटी केली. शीतलचे शाळेचे दाखले, तिच्या बाबाचं मतदान कार्ड, सातबारा. अकोल्याचा कागद नाई. तिच्या बाबानंच जाळला असन, पोरीच्या हाती लागू नाई म्हणून.

ता. १४, शुक्रवार

सकाळपासून फोन पदरात बांधून फिरली. शीतलचा नाई आला, जावयानं तिले सांगतलंच असन. ती रागावली की भेली, समजाले मार्ग नाई. दोनदा लावला, वाजत राह्यला. कमल म्हणे, पोरगी कधी येते मंग? म्हणलं ठरून राह्यलं.

दुपारी जावयाचा आला. त्याइनं तिकडच्या डॉक्टरले इचारलं. कागद नसला तरी चालते, पण आईले घेऊन या म्हणे, तिच्या तोंडून ऐकू. अन् मेहकरच्या बाईलेबी खरं सांगाचं, ती काय म्हणते तेबी ऐकू, मंगच ठरवू. "तुम्ही यान न आई?" म्हणलं तुम्ही न्यान तिथं येतो.

शीतल काय करते इचारलं. म्हणे, इथंच बसली हाय.

"द्या बाप्पा तिच्याजवळ."

तिकडं काही कुजबूज झाली. फोन तिच्या हातात गेला असन, श्वास आयकू येत होता. मंग म्हणते, "लय दुखलं होतं का तुले?"

म्हणलं, "आता आठवत नाई."

"खोटं नोको बोलू आई आता."

"हो, लय."

ठेवला तिनं. घडीभरानं जावयाचा पुन्हा आला. आजच्या आज निघाले असते पण सुटी नाई. परवा रविवारी येतो म्हणाले, ता. १६, सकाळी, दोघंबी.