नळीखालचा डाग

आई, तू गेलीस तेव्हा माझं दुकान नव्हतं. आता आहे, लोणावळ्यात, बाजारातून आत वळलं की चिक्कीच्या एका गोदामाला लागून. मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर दुरुस्तीला येतात आणि गेली काही वर्षं हेलिकॉप्टरंही येतात. हसू नकोस. खरी नव्हेत, रिमोटवर उडणारी. पण खेळणं म्हणावं तर तेही नव्हे. एकेक पातं हातभर लांबीचं असतं, कडक आणि धारेचं, आणि मोटर लागली की त्याच्याजवळ उभं राहायची छाती होत नाही. पवनानगरच्या अलीकडे एक माळ आहे, तिथे रविवारी सकाळी पाच-दहा जण जमतात आणि ती उडवतात. सगळे शिकलेले, कुणी कंपनीत, कुणी निवृत्त. यंत्र ते स्वतः जोडतात, पण बॅटरीच्या जाड तारांना पिना लावायचं काम माझ्याकडे आणतात, कारण तिथे प्रचंड करंट जातो आणि तो डाग कच्चा राहून चालत नाही. तुम्ही कारखान्यातल्या बायका सोल्डरला डागच म्हणायचात, म्हणून मीही म्हणते. गिऱ्हाइकांना गंमत वाटते.

हे काम मी तुझ्याकडून शिकले, हे मी सगळ्यांना सांगते. टाकव्याच्या आपल्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला तू विटेवर डाग द्यायचं आयर्न ठेवायचीस. तळेगावच्या कारखान्यातून येताना तारेचे टाकाऊ तुकडे पदरात बांधून आणायचीस आणि भाकऱ्या झाल्या की मला बसवायचीस. धूर डोळ्यांत जायचा. मी सोल्डर टोकावर वितळवून तारेवर ठिपका टाकायची आणि खूश व्हायची. तू माझं मनगट धरून थांबवायचीस. "आगं, सोल्डर न्हाई, तार तापली पायजे. तार तापली की सोल्डर आपसूक आत जातंय. वरनं थापलेलं शेण आन ह्ये सारखंच." मग तू आयर्न तारेखाली धरायचीस, गप्प बसायचीस, आणि एका क्षणी ते चंदेरी पाणी तारेच्या पेडांत सरकन शिरायचं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. अजूनही ते आत शिरताना बघितलं की मला बरं वाटतं.

एक दिवस मात्र मी तुला कधी माफ केला नाही, आणि तो मला इथे लिहायलाच हवा. मी दहावीला होते. शेजारच्या आबांचा रेडिओ मी दुरुस्त केला होता आणि तो वाजत होता. आबा आपल्या अंगणात बसून चारचौघांना सांगत होते, पोरीनं केला म्हणून. तू कामावरून आलीस, पिशवी खाली ठेवलीस, रेडिओ उलटा केलास आणि मी जोडलेली तार दोन बोटांनी ओढलीस. ती तुझ्या हातात आली. रेडिओ बंद पडला. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "वाजतोय म्हंजी जोडलाय आसं न्हाई." मी रडत ओरडले, "तू तिथं डाग देणारी बाई आहेस, साहेब नाहीस. इथं साहेबीण होऊ नकोस." तू रेडिओ सुलटा केलास. आबांना म्हणालीस, उद्या देते नीट करून. त्या संध्याकाळी तू आमच्यासोबत जेवायला बसली नाहीस. मला वाटलं, रागावलीस. आता वाटतं, राग नसेल तो. विचारायचं राहून गेलं.

माळावर येणाऱ्यांत तळेगावचे एक निवृत्त शिक्षक आहेत. मी त्यांना सर म्हणते. बायको गेल्यावर त्यांनी हा नाद धरला. दोन वर्षं ते नुसतं हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर वर तरंगत ठेवायला शिकत होते, मग कुठे उंच नेऊ लागले. शांत माणूस. दुकानात आले की स्टुलावर बसून माझं काम बघायचे आणि जाताना "छान" एवढंच म्हणायचे. मागच्या पावसाळ्यानंतर त्यांनी नवी बॅटरी आणली. यंत्रातल्या जुन्या पिना काढून दोन्हीकडे मोठ्या पिना लावायच्या होत्या. ही पीन म्हणजे एक सोनेरी कांडी, मागच्या टोकाला छोटी वाटी. वाटीत सोल्डर भरायचं, ते पातळ असतानाच तारेचं टोक आत बुडवायचं, थंड होईपर्यंत हलू द्यायचं नाही. मग वरून रबरी नळी सरकवायची आणि गरम हवेनं ती आवळून बसवायची. नळी बसली की आतलं काही दिसत नाही.

माझ्या मोठ्या आयर्नचं टोक जळून गेलं होतं. नवं टोक पुण्याहून दोन दिवसांत यायचं होतं. हाताशी होतं ते लहान आयर्न, रेडिओच्या कामाचं. जाड तार त्याची सगळी उष्णता पिऊन टाकते. सर म्हणाले होते, "निवांत करा ताई. या रविवारी नाही तर पुढच्या." पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यातलं एक नुकतंच सरांना म्हणालं होतं की बाईंच्या हातचं काम म्हणजे बघायलाच नको. त्यांच्यासमोर "आज जमणार नाही" असं मला म्हणवेना. मी लहान आयर्ननंच केलं. यंत्राकडच्या लाल तारेचा डाग थंड झाला तेव्हा तो चमकत नव्हता. राखाडी होता, वाळूसारखा खरखरीत. मी तो बघितला आई. मी तो ओढला नाही, कारण ओढला तर निघेल हे मला कळलं होतं. मी नळी सरकवली.

रविवारी मीही माळावर गेले होते. सकाळ आहे, गवतावर दव आहे, समोर तिकोना किल्ला स्वच्छ दिसतोय. सर हेलिकॉप्टर वर नेतात, एक मोठा फेरा घेतात, दुसरा घेतात. आवाज एकसारखा येतोय. आणि मग आवाजच तुटतो. यंत्र रिमोटचं काही ऐकत नाही, नुसत्या फिरत्या पात्यांनिशी तिरकं होत माळाच्या कडेला, बांधाकडे जातं. बांधापलीकडे एक मावशी गवत कापतायत. आम्ही सगळे ओरडतो. त्या वर बघतात आणि तोंडावर हात धरतात.

तोंड वाचलं. उजव्या हाताची दोन बोटं आतल्या शिरांपर्यंत कापली. सर सगळ्यांच्या आधी पळत पोचले, गळ्यातला रुमाल बांधला, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी माळावर थांबून तुकडे गोळा केले. लाल तार वाटीतून निघाली होती. आपटल्यावर तुटली असेल, असं बाकीचे म्हणाले. मी वाटीत बघितलं. तारेच्या पेडांचे ठसे सोल्डरमध्ये जसेच्या तसे होते, वाळल्या चिखलातून काडी उपसावी तसे. तार तिथे कधी धरलीच नव्हती. आणि सरांच्या रिमोटवर मोटर बंद करायचं बटण दाबलेलं होतं. यंत्र पडताना घाबरून कुणीही ते दाबेल, तसं त्यांनी दाबलं होतं. पण त्यांना आठवेना की आधी दाबलं की नंतर. दवाखान्यात ते मला म्हणाले, "माझंच बोट लागलं असणार हो. हात थरथरतो हल्ली." मी म्हणाले, "सर, आता तो विचार नको." मी एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी ते मावशींच्या घरी गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. बाईमाणूस सोबत असलं की बरं, म्हणाले. ओट्यावर बसून त्यांनी हात जोडले आणि त्यांना रडू फुटलं. सत्तरीचा माणूस. मी शेजारी बसून चहा पीत होते. चहा गोड होता, हे आठवतं. त्यानंतर ते दर रविवारी तिकडे जाऊ लागले. हेलिकॉप्टर सोडलं. मग स्कूटर सोडली. मग मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, तरी त्यांचा विश्वास बसेना. एकदा मी त्यांच्या घरी गेले तर कपबशी पुढे सारून म्हणाले, "चहा तुम्हीच ओता ताई. माझ्या हाताचा भरवसा नाही." मी ओतला. त्यांचा हात मांडीवर होता, मी नीट बघितला. तो थरथरत नव्हता.

सात महिने लागले मला. ज्येष्ठातल्या एका दुपारी मी तळेगावला गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं. ती पीन आणि वाटीतून निघालेली तार कागदात गुंडाळून नेली होती, ती पुडी टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून बघितलं. वाटीत बोट फिरवलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी. खरं तर आधीच."

"म्हणजे मी दवाखान्यात फॉर्म भरत होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मी त्यांच्यासमोर बसलो होतो, तेव्हाही."

"हो सर."

त्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला, जणू कुणी परत आणून दिलेला. मला वाटलं ते ओरडतील, ओरडावं असं वाटत होतं. ते म्हणाले, "जा तुम्ही." मी दारात चपला घालत होते तेव्हा आतून आवाज आला, "त्या माउलींना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

लावणीच्या दिवसांत मी पवनानगरला गेले. मावशी खाचरात रोपं उपटत होत्या, डाव्या हातानं. उजव्या हाताची दोन बोटं सरळच राहतात, मुठीत रोप बसत नाही. लावणीला त्यांनी दुसऱ्या बायका लावल्या होत्या आणि स्वतः बांधाजवळ बसून जुड्या बांधत होत्या, दात लावून. मी चिखलात उतरून सांगितलं. पिना, वाटी, सगळं त्यांना कशाला कळेल, म्हणून एवढंच म्हणाले की जोड मी केला होता, तो कच्चा होता, ते मला माहीत होतं, गुरुजींचा हात चुकला नाही.

त्यांनी जुडी खाली ठेवली. "तुमी तवा हितंच व्हता ना? वट्यावर? त्यो मानूस रडला तवा?"

"होते मावशी."

"चा पिला तुमी."

"हो."

"मला काय, कुनाच्या हातनं पडलं त्येचं? बोटं माजीच गेली. पर त्या म्हाताऱ्याला लय छळलंत तुमी." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मागा. मागाया काय लागतंय. देयाचं मी बगीन, बोटं वळतील तवा." मग थोडं थांबून, "आता गुरुजी यायचं बंद करत्याल व्हय?"

"माहीत नाही."

"त्यास्नी सांगा, आईतवारी या म्हनावं. वाट बघतो आमी."

तो निरोप मी सरांना फोनवर दिला. ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला. ते जातात अजून, आणि स्कूटरवर जातात, असं ऐकलं. माझ्या दुकानात येत नाहीत. माळावरच्या सगळ्यांना मी खरं काय ते सांगितलं आणि सरांचं काम केलं त्या महिन्यात माझ्या हातून गेलेली यंत्रं परत मागवली. नळ्या कापून तेरा जोड उघडले. आणखी एक तसाच निघाला. ज्याचा होता तो तरुण इंजिनिअर तो खिशात टाकून, सगळं सामान उचलून निघून गेला. आता हेलिकॉप्टरं फारशी येत नाहीत. मिक्सर येतात. मावशींचं एक बोट व्यायामानं थोडं वळायला लागलंय, दुसरं नाही.

हे सगळं लिहिताना मला वाटत होतं की तू असतीस तर बरं झालं असतं, तुझ्यापाशी येऊन बोलले असते. पण ते खरं नाही. तू असतीस तर रविवारी टाकव्याला आले असते, ओट्यापाशी बसले असते, आणि तू विचारलं असतंस, काय चाललंय दुकानाचं, तर मी म्हणाले असते, काही नाही गं, एका सरांचं हेलिकॉप्टर पडलं.