लांडग्याच्या नावाचं कोकरू

देवपूर, धुळे
२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप नाना यांस,
पुतणी पुनमचा शि. सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा पत्रच बरं.

आमच्या कॉलेजच्या गटानं निवडणुकीसाठी एक तक्ता केलाय. पक्षांची नावं झाकून त्यांचे जाहीरनामे वाचले आणि जंगलासाठी, प्राण्यांसाठी कोण काय करणार याला गुण दिले. एक पक्ष पडीक माळांवर दहा लाख झाडं लावणार आहे. त्याला मी शंभरपैकी ब्याऐंशी दिले. दुसऱ्याचं जेमतेम अर्धं पान, आकडा एकही नाही, नुसतं माळ आहे तसा राखू म्हणतो. त्याला एकवीस. झाकलेली नावं मागच्या पानावर आहेत.

गाव तुमचं ऐकतं. तक्ता पारावर वाचून दाखवाल? आणि काही चुकलं असेल तर तांबड्या पेनानं खूण करा, मास्तर आहातच.

काकूंना नमस्कार. माया असू द्यावी.
पुनम

ता. साक्री
११ नोव्हेंबर २०२४

चि. पुनम हिस,
नानाचे अ. आ. तक्ता पारावर वाचून दाखवला. चाळीस वर्षं मुलांना गुण देण्यात गेली, पण घरातल्या पोरीनं पक्षांना गुण द्यावेत याचं फार कौतुक वाटलं. तुझ्या बापाला गणितात पस्तीसच्या वर कधी पडले नाहीत.

एकटा मेंढपाळ झुलाल ठेलारी अडून बसला. दर थंडीत आपल्या माळावरच्या घळीत लांडगीण पिल्लं घालते, हे तू माझ्या खांद्यावर बसून पाहिलेलं आहेस. झुलाल दर वर्षी एक कोकरू तिच्या नावानं सोडतो. ते विकत नाही, कापत नाही, आणि तिनं नेलं तर मागे धावत नाही. माळ बठ्ठा खंदी टाका तर लांडगीन कथा जाई, सगळा माळ खणला तर ती कुठे जाईल, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. पोरगी शिकलेली शे, असं सांगून मी त्याला गप्प केलं. लोक हसले, तो मेंढरं घेऊन निघून गेला.

तुझी आठवण काढणारा,
निंबा नाना

ता. साक्री
२२ जानेवारी २०२६

चि. पुनम हिस,
अ. आ. तुझा ब्याऐंशीवाला निवडून आला होता. त्याचं वचन सोमवारी आपल्या माळावर पोचलं.

झाडांसाठी जेसीबीनं चर खणले, त्यात घळ बुजली. झुलालनं हातांनी माती उपसली. तीन पिल्लं निघाली, तिन्ही मेलेली. लांडगीण दोन दिवस चरांच्या कडेनं माती हुंगत फिरली, मग दिसली नाही. ड्रायव्हरला काय बोलणार, त्याच्या कागदात माळ पडीक होता. तोच शब्द मी पारावर मोठ्यानं वाचला होता.

तब्येत सांभाळ.
निंबा नाना

देवपूर, धुळे
२९ जानेवारी २०२६

तीर्थरूप नाना यांस,
शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. जुना तक्ता काढून पाहिला. किती झाडं, किती पैसे, किती वर्षं, सगळ्याला रकाने होते. आहे ते तसंच राहू देणाऱ्यासाठी रकानाच नव्हता. लांडगीण मला माहीत होती, तरी गुण देताना ती आठवली नाही.

उरलेला माळ तरी सोडा म्हणून अर्ज दिलाय. झुलालबाबांना कुठल्या तोंडानं भेटू? आणि नाना, तुम्ही खूण का नाही केलीत?

माझ्यावर राग धरू नका.
पुनम

ता. साक्री
१४ एप्रिल २०२६

चि. पुनम हिस,
अ. आ. उत्तराला उशीर केला, कारण खरं लिहायचं होतं. त्या दिवशी पारावरून घरी आलो तेव्हा तांबडं पेन हातात घेतलं होतं. झुलालचं बरोबर आहे हे मला तिथेच कळलं होतं. पण तुझे गुण खोडवेनात. तुझं चुकलं ते न आठवल्यानं, माझं सगळं आठवत असून चुकलं. तेव्हा मोठी चूक माझी.

तुझ्या अर्जानं पुढचं काम थांबलंय. झुलालचा तुझ्यावर राग नाही, ये. लांडगिणीच्या नावानं त्यानं यंदाही कोकरू सोडलं होतं. ते आता चांगलं मोठं झालंय. कळपाच्या मागे एकटंच चरतं, आणि झुलाल त्याच्याकडे बघत नाही.

वाट पाहतो.
निंबा नाना