नव्या कोंबडीचे वीस दिवस

प्रिय अक्का,

हे पत्र तुला, आणि तुझ्याबरोबर जुन्या इंदुरातल्या आपल्या गल्लीतल्या त्या सगळ्या बायकांना, ज्यांनी परसात चार कोंबड्या आणि घरात एक बोलका पुरुष सांभाळला. तुम्हा सगळ्यांची तक्रार एकच आहे. बाहेर हजार माणसांना जागं करणारा हा माणूस घरी आला की आपलं एक वाक्य पुरतं ऐकत नाही. तक्रार खरी आहे. आरोपी हजर आहे.

आजच का लिहितो? तुझ्या तेराव्याला मला बोलता आलं नाही म्हणून. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती, मिलमधले सोबती आले होते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उठलो, "आमची अक्का" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लाठ्या उगारलेल्या पोलिसांसमोर जो दोन तास बोलला, त्याला सख्ख्या बहिणीबद्दल तिसरा शब्द सापडेना! लोकांना वाटलं, दुःखानं गळा दाटला. दुःख होतंच. पण तुझ्याबद्दल मला काय काय ठाऊक आहे ते मी आठवून पाहत होतो, आणि जे आठवे ते सगळं कोंबड्यांचं.

तेवढंच तू माझ्याशी बोलायचीस. की मी तेवढंच बोलू दिलं?

अंडं धुवायचं नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचं. धुतलं की लवकर नासतं. टरफलं भाजून अगदी बारीक कुटून दाण्यात घालायची. मोठा तुकडा चोचीला लागला तर कोंबडी स्वतःचंच अंडं फोडायला शिकते. अंगावर उवा झाल्या तर औषध शोधत फिरायचं नाही, कोपऱ्यात चुलीची राख पसरून द्यायची, ती आपली लोळेल. खुडुक बसलेली कोंबडी अंड्यांच्या नादात खायचं विसरते, तिला दिवसातून एकदा हातानं उचलून दाण्यापाशी ठेवायची. आणि सकाळी खुराडं उघडलं की आधी कोंबड्यांकडे नाही, जमिनीकडे बघायचं. काय बिघडलंय ते तिथं पहिल्यांदा दिसतं.

हे सगळं तू भाकरी थापता थापता सांगायचीस. मी पाटावर बसून वर्तमानपत्रातून "हं, हं" करायचो. तरी बघ, पाठ झालंय.

सगळ्यांच्या वर तुझा एक नियम होता. बाजारातून आणलेली नवी कोंबडी वीस दिवस वेगळी. परसाच्या दुसऱ्या टोकाला, पेरूखाली, बांबूच्या डाल्यात. आधी जुन्यांना दाणा-पाणी, मग नवीला, मग हातपाय धुणं. उलट कधीच नाही.

आता तो हिवाळा. मध्य भारत राज्य झाल्याला वर्षही उलटलं नव्हतं. राजधानी थंडीपुरती ग्वाल्हेरला गेली होती, आम्हीही तिथवर जाऊन घसा कोरडा करून आलो होतो. रोज कुठल्या ना कुठल्या मोहल्ल्यात मी बहिष्काराविरुद्ध बोलत होतो. विहीर सगळ्यांची, देऊळ सगळ्यांचं, पंगत सगळ्यांची! तसाच तापलेला एकदा घरी आलो, तर पेरूखाली ती नवी तांबडी कोंबडी डाल्यात एकटी कुरकुरत होती आणि पलीकडे तुझ्या अकरा जणी मजेत दाणे टिपत होत्या. मी तुला सुनावलं, की हा तर आपल्याच परसातला बहिष्कार झाला. तिचा गुन्हा काय? बाजारातून आली हा? तू हसलीस. मला वाटलं, मी जिंकलो.

मग म्हणालीस, "हिला मुदत आहे, सदू. वीस दिवस. एकविसाव्या दिवशी मीच हिला आत घेणार आहे."

सहाव्या दिवशी तू विहिरीवर गेलीस आणि मी डालं उचललं.

काय आनंद झाला होता म्हणून सांगू! ती तुरुतुरु धावत त्या अकरा जणींत जाऊन मिसळली आणि मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझं एक भाषण खरं झालं. तू घागर घेऊन परत आलीस, परसाकडे पाहिलंस, घागर खाली ठेवलीस. तिला पुन्हा पकडून उपयोग नव्हता, ते तुला ठाऊक होतं. मला नव्हतं.

आधी तांबडीच धापा टाकायला लागली. मग एकेक करून बाकीच्या. चोच उघडी, विष्ठा हिरवी, शेवटी मान मुरगळून पाठीवर पडायची. मानमोडी. अकरांतल्या नऊ गेल्या. एकही तू विकली नाहीस, एकही चुलीवर चढू दिली नाहीस. परसामागे खोल खड्डा खणून वर चुना टाकलास, आणि दारोदार जाऊन सांगितलंस की माझ्याकडे रोग आलाय, आपापल्या कोंबड्या कोंडून ठेवा. तोवर उशीर झाला होता. शेजारच्या गेंदाबाईच्या सहाच्या सहा गेल्या.

गल्लीनं विचारलं, तुझ्या हातून हे कसं झालं? तू म्हणालीस, "नवी लवकर सोडली गेली."

सोडली गेली! कुणी सोडली, ते सांगितलं नाहीस. गेंदाबाई तुला म्हणाली, "बाई, सबको सिखाती फिरती थी, अपने ही घर में भूल गई?" मी तिथंच ओट्यावर उभा होतो, अक्का. सत्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला हा तुझा भाऊ ओट्यावर उभा होता आणि त्याला कंठ फुटला नाही. मग चपला घालून मी सभेला निघून गेलो. विषय आठवत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या एवढं आठवतं.

पुढे वर्षभर कोंबडी अंड्यांवर बसवताना कुणी तुला विचारायला आलं नाही. तू पुन्हा बाजूला पडलीस.

पुन्हा म्हणतो, कारण पहिली वेळ मी पाहिली होती. तू एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून माघारी आलीस तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तुझं अंथरूण मागच्या खोलीत गेलं, ताट मागच्या खोलीत गेलं, आणि हळूहळू तुझं नावही घरात कमी झालं. आबा रिसाल्यातले स्वार, एरवी तोफेसारखे बोलायचे. पोटच्या लेकीसमोर त्यांना शब्द सुचत नसे. एक दिवस ते दोन कोंबड्या घेऊन आले, तुझ्या उंबऱ्यात ठेवल्या आणि तसेच मागे फिरले. तिथून तुझ्या कोंबड्या सुरू झाल्या.

तांबडीला वीस दिवसांची मुदत होती. तुला कुणी मुदत दिली होती? एकविसाव्या दिवशी तुला आत कोण घेणार होतं? विधवांच्या हक्कांवर मी इंदूरभर बोललो, माझी भाषणं छापून आली. आणि घरी मी उठल्यावर तू जेवायला बसायचीस, हे मला बोलायला विषय म्हणून कधी सुचलं नाही.

माझाही तुझ्यावर एक राग आहे. त्या दिवशी गल्लीसमोर तू माझं नाव का नाही घेतलंस? घ्यायला हवं होतंस. तू झाकून घेशील याची मला इतकी सवय झाली की पुढची सात वर्षं मी उघडं पडायचं टाळत राहिलो. तू होतीस तोवर कधीही सांगता आलं असतं. उद्या सांगू, म्हणत राहिलो.

आता घर असं आहे की मी खोकलो तर मलाच दचकायला होतं. तुझ्या सात कोंबड्या आहेत. सकाळी खुराडं उघडतो, जमिनीकडे बघतो, मग दिवसभर बोलायला कुणी नाही. सभांना बोलावतात, जात नाही.

चार दिवसांपूर्वी गेंदाबाई काखेत एक ठिपक्यांची कोंबडी घेऊन आली. म्हणाली, "भिया, ये कूकडी रख लो. घर में आवाज तो रहेगी." ज्या बाईच्या सहा कोंबड्या मी मारल्या, ती मला सातवी देऊन गेली! मी घेतली. तेव्हाही बोललो नाही.

पेरूखाली डाल्यात ठेवली आहे. दिवस कलला की ती पलीकडच्या सात जणींना हाका मारत सुटते. अशा हाका, अक्का, की ऐकवत नाहीत. काल माझा हात डाल्यावर गेला. खरं सांगतो, या वेळी तत्त्वासाठी नाही. मलाच ते एकटेपण बघवेना.

हात तसाच थांबला, कारण एक गोष्ट आठवली. नवी कोंबडी आली की तू रोज संध्याकाळी सुपात तांदूळ घेऊन त्या डाल्याशेजारी बसायचीस. अंधार पडेपर्यंत खडे वेचत, काहीबाही पुटपुटत. मला वाटायचं, तिथं उजेड बरा म्हणून बसतेस! पेरूच्या सावलीत कसला आलाय उजेड? तू तिला वेगळी ठेवायचीस, एकटी ठेवत नव्हतीस. एकटं पडणं काय असतं हे तुझ्याइतकं या घरात कुणाला माहीत होतं?

मग मी वर्तमानपत्र घेऊन तिथं बसलो. थोड्या वेळानं घडी घालून ते बाजूला ठेवलं. ती गप्प झाली. तुझ्याशेजारी असा एकदाही बसलो नाही गं.

तर तुला वचन देतो. अजून सोळा दिवस. रोज संध्याकाळी मी पेरूखाली असेन. एकविसाव्या सकाळी माझ्या हातानं तिला आत घेईन आणि त्याच सतरंजीवर, जिथं तेराव्याला खाली बसलो, तिथं उभा राहून हे पत्र सगळं वाचेन. डालं कुणी उचललं ते, गेंदाबाईच्या सहा, ओट्यावरचं माझं गप्प राहणं, सगळं.

आणि गल्लीतल्या बायांनो, एवढा निरोप तुम्हाला आधीच धाडतो, त्या सकाळी एकच काम करा. प्रत्येकीनं आपल्या घरातला एक बोलका पुरुष बरोबर आणा. त्याला पुढे बसवा, आणि जी गोष्ट त्यानं आजवर पुरती ऐकली नाही ती त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा. मध्ये तोंड उघडलं तर माझ्याकडे बोट दाखवा.

ऊन उतरलं. तिच्या हाका सुरू झाल्या. आधी जुन्यांना दाणा टाकून येतो, मग तिच्याकडे. नंतर हातपाय धुईन, आठवण करून द्यायला नको.

दिली असतीस, तर ऐकली असती.

तुझा,
सदू