तिसरा हिस्सा आणि एक राहिलेली हाक

अल्लाहच्या नावाने, जो दयाळू आहे आणि माझ्या बाबतीत तर माझ्या लायकीपेक्षा जास्तच दयाळू राहिला आहे.

मी, शेख बखीत शाजली अब्दुल-जवाद, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कूस, प्रांत किना, खालच्या आळीतल्या मशिदीत चाळीस वर्षे शुक्रवारचे प्रवचन देणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. अक्षर कापते ते डोळ्यांमुळे. डोके ठिकाणावर आहे. शेजारी बसून मुलुखियाची पालेभाजी निवडणारी माझी पत्नी बहिय्या हिचे याबद्दल वेगळे मत आहे, परंतु ते कायद्यात धरले जात नाही.

कलम एक. सहा वर्षांपूर्वी लिहिलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. माझा मुलगा सनूसी याने माझ्या जनाजाला खांदा देऊ नये, असे त्यात लिहिले होते. तो कागद आमच्या मशिदीत बांग देणारा मुअज्जिन दर्दीर याच्याकडे आहे. त्याने तो न वाचता फाडावा. त्याने तो केव्हाच वाचला आहे हे मला माहीत आहे, तरीही फाडावा.

कलम दोन. वारसांची वाटणी माझ्या हातात नाही. ती अल्लाहने आधीच करून ठेवली आहे. बहिय्याला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात सनूसीला दोन वाटे, तर मुलगी राविया हिला एक. मालमत्तेच्या फक्त एक तृतीयांशाबद्दल मी माझी इच्छा लिहू शकतो, आणि तेही वारसाच्या नावे नाही. म्हणून संतापाच्या भरात मला सनूसीचा वाटा कापता आला नव्हता आणि आता पश्चात्तापाने वाढवताही येत नाही. पहिल्या वेळी या नियमाची मला चीड आली होती. आता वाटते, आम्हा बापांना ओळखूनच तो केलेला आहे.

कलम तीन. त्या एक तृतीयांशातून घरामागच्या दोन खोल्या, उन्हात फुगवलेल्या शम्सी भाकरीची भट्टी आणि खजुराची तीन झाडे मी मबरूका हिला देतो. मबरूका म्हणजे सनूसीची बायको, कुसैर बंदरातल्या नावा बांधणाऱ्या सुताराची मुलगी. सून वारस ठरत नाही, हे मला आज पहिल्यांदाच सोयीचे वाटते आहे. मी तिला कधी पाहिलेले नाही. तिने या खोल्यांत राहावे, भाड्याने द्याव्यात किंवा कोंबड्या पाळाव्यात; कोणी तिला जाब विचारू नये.

कलम चार. माझा धाकटा भाऊ फिकरी याला मी माफ करतो आणि त्याची माफी मागतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. अठरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीशी सनूसीचे लग्न ठरवून आम्ही दोघा भावांनी फातिहा वाचली. फातिहा वाचली की शब्द पक्का, तो मोडणे म्हणजे घराण्याचे नाक कापणे. सनूसी तेव्हा कुसैरला कामावर होता. घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, "बा, फातिहा तुम्ही वाचलीत. मला कोणी विचारलं नाही." मी त्याला दाराबाहेर काढले. फिकरी सहा महिने माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मुलीला पुढे चांगले स्थळ मिळाले, तिला चार मुले आहेत, आणि या साऱ्या प्रकरणाची ती मला भर अंगणात थट्टा करते. म्हणजे कोणाचेच काही बिघडले नव्हते. फिकरीने माझा पाण्याचा पंप मात्र परत करावा.

कलम पाच. माझी प्रवचनांची वही कोणालाही वाचू देऊ नये. त्यात आधीच्या पैगंबरांच्या सगळ्या गोष्टी माझ्या टिपणांसह आहेत. शुऐबच्या लोकांनी मापात खोट केली, तिथे समासात मी आमच्या गिरणीवाल्याचे नाव लिहिले आहे. धनाने माजलेल्या कारूनच्या खजिन्याशेजारी गावच्या उमद्याचे, म्हणजे पाटलाचे. यूसुफला विहिरीत टाकणाऱ्या भावांशेजारी फिकरीचे. कोणत्या शुक्रवारी कोणाकडे बघून बोलायचे, याची ती आठवण होती, आणि लोक माझे प्रवचन फार परिणामकारक समजत. चाळीस वर्षांच्या वहीत माझे स्वतःचे नाव एकदाही नाही. दर्दीरने ती वही पाण्यात भिजवून शाई धुऊन काढावी आणि ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतावे, कारण तिच्यात अल्लाहचे नाव आहे आणि ती उकिरड्यावर टाकता येत नाही.

कलम सहा. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी सगळ्यांत मोठे देणे हेच आहे.

फिकरीला शब्द दिला होता, तो मोडला, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी रिवाजाप्रमाणे लाकडी तलवार हातात धरून मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांवर, उभा राहिलो आणि महापुराआधी नाव बांधणाऱ्या नूह पैगंबराची गोष्ट सांगितली. सनूसी तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसला होता. नमाजाला आला होता, म्हणजे समेटालाच आला होता, हे मला आज कळते. मी त्याच्याकडे बघत नूहच्या बुडालेल्या मुलाबद्दल बोललो आणि आवाज चढवून म्हणालो, "तो तुझ्या कुटुंबातला नाही." सनूसी प्रवचन चालू असताना उठला, चपला हातात घेऊन बाहेर गेला आणि कूसला परत आला नाही. मागे कोणीतरी म्हणाले, शेखांनी पोटच्या पोरालाही सोडले नाही. ते मला तेव्हा कौतुक वाटले.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने दीड महिना अंथरुणाला खिळलो, तेव्हा नूहची गोष्ट असलेली कुराणातली तीच सूरा मी स्वतःशी म्हणत होतो. पाठ आहे, पन्नास वर्षे पाठ आहे. त्यात नूह आपल्या मुलाला काय म्हणतो? बाळा, आमच्याबरोबर नावेत चढ. लाट मधे येईपर्यंत तो हाक मारत राहतो, आणि मुलगा बुडाल्यावरही त्याच्यासाठी अल्लाहकडे तोंड उघडतो. 'तो तुझ्या कुटुंबातला नाही' हे शब्द अल्लाहचे आहेत. बापाचे नाहीत. मी बापाचे वाक्य गाळले आणि अल्लाहचे वाक्य स्वतःच्या तोंडी घेतले. याहून मोठा उद्धटपणा मला ठाऊक नाही.

आणि त्या सूरेच्या शेवटी या गोष्टी कशासाठी हेही स्पष्ट सांगितले आहे. ज्या माणसाला, आमच्या शेवटच्या पैगंबराला, त्या सांगितल्या, त्याला त्याचेच गाववाले हसत होते, त्याची माणसे गेली होती. तुझ्याआधीच्यांनाही लोक असेच हसले, तेही थकले, तरी उभे राहिले. हे ऐकून तुझे मन घट्ट व्हावे म्हणून. त्यांतून ऐकणाऱ्याने धडाही घ्यायचा, पण आधी स्वतःचा. त्या गोष्टी म्हणजे पाठीवर ठेवलेला हात होता. मी त्याची काठी केली. प्रत्येक शुक्रवारी मी स्वतः नावेत बसलो आणि गावाला पाण्यात उभे केले. घाबरून कोण सुधारले असेल ते असो. धीर मात्र मी एकालाही दिला नाही. याचे मला अतिशय वाईट वाटते.

कलम सात. जे मी चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घेतले पाहिजे. म्हणून माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या शुक्रवारी दर्दीरने कलम सहा मशिदीत मोठ्याने वाचावे. सनूसीला कुसैरला निरोप धाडावा की तुझ्या बापाने तुला हाक मारली आहे, घरी ये.

~~कलम सात~~

वरील कलम खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे, कारण असे. लिहून झाल्यावर मी ते बहिय्याला वाचून दाखवले. अठरा वर्षांत तिने या विषयावर मला एका शब्दाने छेडले नव्हते. ती मुलुखियाची पाने बाजूला सारून म्हणाली, "अहो शेख, नूहने पाणी चढत असताना हाक मारली. तुम्ही कबरीत जाऊन मारणार?"

मी म्हणालो, त्याने दार लावून घेतले तर?

"लावू दे. बाहेर बसू. मी वर्षातून दोनदा जातेच तिकडे, रावियाकडे जाते असं सांगून. दोन नातवंडं आहेत. पोरगा नावा बांधतो, पाच वेळा नमाज पढतो. बुडालं कोण, ते तुम्हीच बघा."

हे मला आज दुपारी कळले.

कलम सात, नव्याने. कलम सहा मी मेल्यावर वाचण्याची गरज नाही. उद्या गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने मी बहिय्याबरोबर कुसैरला जात आहे. गेल्या हिवाळ्यातले दुखणे सोडले, तर चाळीस वर्षांत प्रथमच या शुक्रवारी मी मिंबरवर नसेन; प्रवचन दर्दीरने द्यावे आणि ते लहान ठेवावे. सनूसी ऐकेल की नाही हे माझ्या हातात नाही, नूहच्याही नव्हते. तो बाहेर आला नाही, तर ज्या गल्लीत तो राहतो तिथे, शेजाऱ्यांच्या देखत, मी त्याला बाळा म्हणून हाक मारणार आहे. वाटेत मला मरण आले, तर बहिय्याने पुढे जावे आणि मी निघालो होतो एवढे त्याला सांगावे.

ठिकाण: कूस, प्रांत किना
दिनांक: बुधवार, ९ ऑक्टोबर १९९६ (२६ जुमादल ऊला १४१७)

सही: बखीत शाजली अब्दुल-जवाद

साक्षीदार:
१. दर्दीर अब्दुल-मौजूद, मुअज्जिन (जुना कागद समक्ष फाडला. वाचला होता, कबूल.)
२. नज्दी बस्तावी, गिरणीवाला

बहिय्या वारस असल्याने तिची साक्ष घेता आली नाही. ती आत सामान बांधते आहे.